पाय बघून घेतलेला ट्रायपॉड

१२ जून, गुरुवार

आजपासून सृष्टीच्या स्टँडचा विषय मी स्वतः हातात घेतला आहे. म्हणजे विषय मार्गी लागला असंच धरायचं.

मुद्दा असा. पोरगी बारावीत. रोज एसटीने घोडेगावहून नगरला जाते, कॉलेज करते आणि तिथून रेंजवर. दहा मीटर एअर रायफल. रायफल क्लबची, वजन साडेचार किलोच्या वर. मी समजत होतो की रायफल ट्रायपॉडवर ठेवूनच नेम धरतात. ती म्हणाली, पप्पा, नेम उभं राहून हातातच धरायचा असतो. स्टँड लागतो तो दोन छर्‍यांच्या मध्ये, विसाव्याला. तेवढा वेळ रायफल टेकवली की हात थरथरत नाही. बाकीच्या मुलींकडे आहे. ही मांडीवर टेकवते.

काल तिने तिच्या आईकडून तव्यावर गरम केलेलं फडकं मागून घेतलं, खांदा शेकायला. मी पेपर वाचत होतो. वाचत नव्हतो, पुढे धरला होता.

स्टँड तिने मार्चमध्ये मागितला. मी म्हणालो होतो, आठ दिवसांत. कोणत्या आठ दिवसांत ते बोललो नव्हतो, हे एक बरं झालं.

अटी दोन. हलका पाहिजे, कारण एसटीत उभ्याने न्यायचा. आणि स्वस्त पाहिजे, कारण घेणारा मी आहे.

१५ जून, रविवार

दुपारभर अभ्यास. इतके व्हिडिओ पाहिले की मोबाईल तापला. निष्कर्ष: ट्रायपॉडच्या दोन जाती. अ‍ॅल्युमिनियमचा म्हणजे गावरान, जड आणि चिवट. कार्बन फायबरचा म्हणजे खिलार, हलका, डौलदार, पैसेवाल्याच्या दावणीला शोभणारा. पाय लांब-आखूड करायचं लॉकही दोन तर्‍हेचं, एक खटक्याचं, एक पिळायचं.

हे सगळं मला एका बैठकीत कळलं, कारण रक्तात आहे. आमच्या घरात तीन पिढ्या जनावरांची दलाली. दूध संकलन केंद्रावर मी दुधाची फॅट काढतो, म्हणजे स्निग्धांश मोजतो, ते पोटासाठी. पण बाजाराच्या दिवशी घोडेगावात माणसं मला शोधत येतात, ती बैलाचे पाय बघून द्यायला. ज्याला चार पायांचं कळतं त्याला तीन पायांचं न कळायला काय झालं.

सुकन्या म्हणाली, अहो, एवढ्या वेळात नगरला जाऊन घेऊन आला असता. बायकोला रिसर्चचं महत्त्व नाही. अंगणवाडीत नोकरी, तिथे सगळं वरून ठरून येतं.

ठराव: जून संपायच्या आत खरेदी.

२७ जून, शुक्रवार

कालपासून आषाढ. आषाढात नवीन वस्तू घरात आणू नये. हे मी म्हणत नाही, आई म्हणते. खात्रीसाठी आईला विचारलं. ती म्हणाली, मी कवा म्हनले? लग्नाचं म्हनत्यात तसं, काटक्यांचं न्हाई. तरी शंका नको.

सृष्टीला सांगितलं, श्रावणात घेऊ. ती म्हणाली, चालेल पप्पा.

तिचं हे ‘चालेल’ फार वाईट. भांडली असती तर मी लगेच घेतला असता. म्हणजे थोडी चूक तिचीही आहे.

५ जुलै, शनिवार

पार्सल आलं. ऑर्डर ज्येष्ठातच देऊन विसरलो होतो, म्हणून आषाढाचा दोष लागत नाही.

फोटोत ट्रायपॉड डोंगरावर उभा होता, शेजारी एक गोरा माणूस रायफल घेऊन. खोक्यातून निघालं ते वीतभर. मोबाईल उभा करायचं. माप खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे. मी पाय बघत होतो, अक्षरं बघत नव्हतो. आई म्हणाली, ह्ये तर करडू हाय.

परत पाठवायची मुदत आहे. पण ठेवून घेतला. केंद्रावर त्यावर मोबाईल ठेवून ट्रायपॉडचे व्हिडिओ बघता येतील. अभ्यासाचंच काम.

सृष्टी हसली. मग डावा हात उजव्या खांद्यावर ठेवून आत गेली. मला जेवण गेलं नाही. म्हणजे दोनच भाकरी गेल्या.

१८ जुलै, शुक्रवार

आज बाजार. एका म्हशीचा सौदा जुळवून दिला. नंतर चहाला श्रीमंत शेळक्याशी गाठ. तोही दलाल, माझ्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला. त्याला सांगितलं की पोरगी रायफल शूटिंगला आहे. तो म्हणाला, कशी मारती?

मी चहा गार होईपर्यंत सांगितलं. जाड कोट कसा घालतात, श्वास कुठे रोखतात, कागदावरचा मधला ठिपका मोहरीएवढा कसा असतो. तो म्हणाला, तू बघितलंय व्हय? म्हणालो, नेहमी बघतो.

एकदाही नाही. तिने दोनदा विचारलं, पप्पा, एकदा बघायला या. मी म्हणालो, रिकाम्या हाताने काय यायचं, स्टँड घेऊनच येतो. ती म्हणाली, चालेल.

श्रीमंतने बाजारभर सांगितलं असावं. दोघांनी येऊन माझं अभिनंदन केलं. घेतलं. घेताना मान खाली गेली, पण लोकांना तो विनय वाटला.

२६ जुलै, शनिवार

श्रावण लागला. दिलेला शब्द पाळला. नगरला गेलो.

आदिल नावाच्या पोरसवदा माणसाचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नात आता सगळे ड्रोन मागतात, म्हणून तो जुने ट्रायपॉड काढून टाकतोय. त्याची बहीण अर्शी मॅडम म्हणजे सृष्टीच्या कोच. मुलींना कसा स्टँड लागतो हे त्याला बहिणीमुळे माहीत. त्याने तीन दाखवले. एक जड. एक डुगडुगता. एक काळा, कार्बन फायबरचा, दीड किलो वजनाचा, पाच किलो पेलणारा. वर रायफल टेकवायची खोबण तो बसवून देणार.

मी पद्धतशीर पाहिलं. तिघांना ओळीत उभं केलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. पाठीवर हात दाबला. चालवून बघता येत नाही, म्हणून फरशीवर थोडं ढकललं. खोड विचारली. आदिल म्हणाला, काका, वस्तू आहे, खोड कसली? प्रत्येक विकणारा असंच म्हणतो.

मग सौदा. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे चार लोकांत भाव फुटत नाही. मी रुमाल टाकला आणि आदिलची बोटं धरली. त्याने रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग हळूच म्हणाला, काका, घरी सगळं ठीक आहे ना? माझ्यासाठी पाणी मागवलं.

शेवटी तोंडाने बोललो. काळाच ठरला. पण लगेच आणला नाही. इसाराचे पैसे देऊन आलो. घाईने आणलेलं जनावर लंगडं निघतं. आता राखी झाली की आणतो.

घरी सृष्टी दारातच उभी होती. माझ्या हाताकडे बघितलं. मी रुमाल खिशात घातला.

१० ऑगस्ट, रविवार

ट्रायपॉड आणला.

निघताना आदिल सांगत होता की लॉक पिळायचं आहे, त्याला नुसतं कोरडं फडकं मारत जा, आणि आणखी काहीतरी. मी बांधाबांध करत होतो. अर्ध्या गोष्टी आम्हाला उपजत कळतात.

दारात आईने थांबवलं. नवं जनावर आलं की पायांवर पाणी घालून, भाकरतुकडा ओवाळून मगच आत घेतात. आईने तिन्ही पायांवर पाणी घातलं. सुकन्या म्हणाली, आत्या, मशीन आहे ते. आई म्हणाली, आसंल. पर पाय हायेत का न्हाई त्याला?

सृष्टीने पुसून घेतला, उघडला, उभा केला. रायफल क्लबात, म्हणून अंगणातला खराटा घेतला. खराटा खांद्याला लावला, श्वास घेतला, सोडला, थांबली. मग खराटा हळूच खोबणीत टेकवला आणि दोन्ही हात खाली सोडले. नुसते सोडले. तिचे खांदे असे खाली उतरलेले मी पहिल्यांदा पाहिले.

मला रडू आलं. गोठ्यात जाऊन आलो. गोठ्यात काही नाही, तरी जाऊन आलो. मार्चमध्ये आणला असता तर काय बिघडलं असतं?

१९ ऑगस्ट, मंगळवार

स्कोअर वाढला. रोज वाढतो. अर्शी मॅडम म्हणाल्या, आता हात शांत झाला.

पुढच्या मंगळवारी जिल्ह्याची शालेय स्पर्धा. पहिल्या तिघी विभागाला जाणार. सृष्टी म्हणाली, पप्पा, आता तुम्ही येऊ शकता, आता रिकाम्या हाताचं काही नाही. पोरीने बरोबर लक्षात ठेवलंय. म्हणालो, नक्की. इथेही लिहून ठेवतो: नक्की.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. आज खांदेमळणी.

आमच्याकडे आता बैल नाहीत. दलालाच्या दावणीला बैल नाही, हे गावात कोणी तोंडावर बोलत नाही एवढंच. पण आई दरसाल वाटीत तेल-हळद कालवतेच. मातीच्या बैलांना बोट लावलं, तरी वाटीभर उरलं. आई म्हणाली, ज्ये वझं उचलतं त्याचा खांदा मळावा. म्हणून मोटारसायकलला लावलं. दुधाच्या किटल्यांना लावलं. मग मला सुचलं. घरातलं सगळ्यात मोलाचं वझं उचलतो कोण?

आई म्हणाली, बोट लाव नुस्तं, आंघूळ घालू नगं.

पण काम करायचं तर मनापासून. पाय पूर्ण ओढले. लॉक पिळून मोकळे केले. एकेका सांध्यात तेल मुरवलं. मार्चपासूनचं सगळं त्यातच मुरवलं म्हणा. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं बैलांना म्हणतात ते पण हळूच म्हणालो. सुकन्या अंगणवाडीतून आली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत पिवळे होते. तिने साबण दिला.

पाय लोण्यासारखे सरकायला लागले. वरून पुसला, पिशवीत घातला. सृष्टीला सांगितलं नाही. सरप्राइज. रेंजवर स्पर्धेची मांडणी चालू आहे, म्हणून तिला मंगळवारपर्यंत सराव नाही. पिशवी आता थेट मैदानात उघडणार.

बर्‍याच दिवसांनी आज स्वतःविषयी चांगलं वाटलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी

सृष्टी पहिल्या एसटीने गेली. मी मागून. संकलन उरकलं की निघतोच.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

दूध संघाचे साहेब आज तपासणीला येण्याची शक्यता आहे. म्हणजे मी बन्सीला, केंद्रावरच्या माझ्या जोडीदाराला, विचारलं की येतील का रे. तो म्हणाला, येत्यालबी. अशा वेळी केंद्र सोडणं बरं नाही.

खरं सांगायचं तर भीती वाटते. ती चुकली तर माझ्यासमोर चुकू नये. हे कोणाला बोलणार नाही.

संध्याकाळी

साहेब आले नाहीत.

सृष्टी आली. शेवटची फेरी सुरू होईपर्यंत ती दुसरी होती, लॉक मात्र पुन्हा पुन्हा आवळावं लागत होतं. रायफल स्टँडवर टेकवली, हात सोडले, आणि स्टँडचा एक पाय हळूहळू आत सरकत गेला. तिने झडप घालेपर्यंत रायफल फरशीवर. नेम बघायच्या मागच्या साईटला मार बसला. तिथून पुढे नेम लागला नाही. विभागाला जाणार्‍यांत नाव नाही.

हे तिने जेवताना सांगितलं, आवाज न बदलता. शेवटी म्हणाली, लॉक मीच नीट आवळलं नसेल.

मी म्हणालो, असेल.

सुकन्याने माझ्याकडे पाहिलं. मी भात मागितला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. मन लागलं नाही. रात्रभर विचार करून एकाच निर्णयाला आलो: माल खोटा. खोड लपवून जनावर विकलं तर आमच्यात परत घ्यावं लागतं. ट्रायपॉड घेऊन स्टुडिओत गेलो आणि चढ्या आवाजात सुरुवात केली.

आदिलने शांतपणे पाय ओढला. सांध्याला बोट लावलं, बोट नाकाला लावलं. म्हणाला, काका, याला तेल कोणी लावलं? हे लॉक कोरडं असलं तरच धरतं. घेताना सांगितलं होतं ना तुम्हाला, तेल लावू नका म्हणून?

ते ‘आणखी काहीतरी’ म्हणजे हे होतं.

दुकानात पासपोर्ट फोटोला आलेलं एक कुटुंब बसलं होतं. नवरा, बायको, सासू. तिघंही माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हणालो, पोरीने लावलं असेल. लहान आहे अजून.

का म्हणालो ठाऊक नाही. ठाऊक आहे. त्या सासूसमोर मला शहाणं दिसायचं होतं. कोण कुठली बाई.

येताना पेढे आणले. सृष्टी म्हणाली, कशाचे? म्हणालो, गणपतीचे.

२ सप्टेंबर, मंगळवार

सुकन्याने ओट्यापाशी उभं करून सांगितलं. आदिलने माझं बोलणं घरी बहिणीला सांगितलं. अर्शी मॅडमनी सृष्टीला विचारलं, तेल तू लावलंस? सृष्टी म्हणाली, हो मॅडम, मीच लावलं.

तेव्हापासून मॅडमनी तिला रायफल दिलेली नाही. रोज रेंजवर जायचं, बाकावर बसायचं, दुसर्‍या मुलींचे स्कोअर लिहायचे. दसर्‍यानंतर पुण्याला क्लबांची खुली स्पर्धा आहे. इथून चार मुली जाणार. चौथी सृष्टी होती. आता तिचं नाव लटकलंय.

सुकन्या म्हणाली, तेल तुम्ही लावलं. खोटं तुम्ही बोलला. उद्या जाऊन सांगून या. पोरगी तुमच्यापायी बसलीय.

म्हणालो, उद्याच जातो.

तसं बघितलं तर स्कोअर लिहिणं म्हणजे जबाबदारी. विश्वासाच्या माणसालाच देतात.

५ सप्टेंबर, शुक्रवार

परवा निघालो होतो. गौरी-गणपतीची एवढी गर्दी की एसटीत पाय ठेवायला जागा नाही. म्हणजे पुढच्या एसटीत असती. पण उद्या विसर्जन. विसर्जन होऊन जाऊ दे, मग शांतपणे बोलता येईल. मंडपाच्या स्पीकरपुढे खरं बोललेलं ऐकू कोणाला जाणार?

९ सप्टेंबर, मंगळवार

पितृपक्ष लागला. पितृपक्षात चांगलं काम सुरू करत नाहीत. आणि खरं बोलणं हे चांगलंच काम आहे, यात वाद नाही.

आईला हे पटवून सांगितलं. ती म्हणाली, गोरख, पितरं काय म्हनत्यात का, खोटं बोल म्हनून? तुझा बाप आसता तर चपलीनं हानला आसता तुला.

वडिलांनी आयुष्यात एकच गोष्ट शिकवली, खोड सांगून जनावर विकायचं. नेमकी आजच का आठवली कोण जाणे.

१४ सप्टेंबर, रविवार

तयारीला लागलो. केंद्र रिकामं होतं. त्या वीतभर ट्रायपॉडवर मोबाईल उभा केला आणि मॅडमना काय सांगायचं ते बोलून रेकॉर्ड केलं.

पहिल्यात माणूस फारच गुन्हेगार दिसतो. दुसर्‍यात भाषण झालं, मध्ये मी दूध संघाचा इतिहास सांगितला. तिसर्‍यात आवाज छान लागला, पण तेलाचा उल्लेख राहून गेला. सगळे डिलीट केले. चेहरा पटत नाही तोवर जाण्यात अर्थ नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

निदान ट्रायपॉड तरी पूर्ववत करावा म्हणून अंगणात बसलो. साबण झाला, राख झाली. पेट्रोलचं फडकं घेतलं तेवढ्यात सृष्टी आली. म्हणाली, पप्पा, पेट्रोल नको, आतलं रबर खराब होतं. कोरडं फडकं आणून दिलं आणि शेजारी बसून एक पाय पुसायला लागली.

आता सांगावं असं वाटलं. तोंड उघडलं आणि म्हणालो, आज भेंडी छान झाली होती.

ती म्हणाली, हो.

किती वेळ दोघं पुसत होतो. वरचं तेल गेलं. सांध्यातलं जात नाही. पाय अजून सरकतो.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. नऊ दिवसांचा उपवास धरला आहे, प्रायश्चित्त म्हणून. सुकन्याला तसं सांगितलं. ती म्हणाली, साबुदाणा खाऊन पाप फिटत असतं तर दुकानदारांनी पॅकेटवर छापलं असतं.

उपवासात नगरला जाणं झेपणार नाही. खरं बोलायला पोटात काहीतरी लागतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बाजारात श्रीमंतने सगळ्यांसमोर विचारलं, पोरगी कुठवर आली? म्हणालो, स्कोअर लिहिते. तो म्हणाला, म्हंजी बंदूक न्हाई मारत आता? म्हणालो, सध्या विश्रांती आहे, खांदा दुखतो.

आणखी एक खोटं. पहिलं खोटं एकटं राहत नाही, कळपाने वाढतं. एका बैलाचे पाय बघायला बोलावलं होतं, गेलो, पण म्हणालो, दुसर्‍या कोणाला दाखवा. माझं मला खरं वाटेना.

सृष्टी रोज त्याच एसटीने जाते, त्याच एसटीने येते. जाताना म्हणते, येते पप्पा. दारात क्षणभर थांबते. मी मान हलवतो. मग जाते.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. अवजारांची पूजा. खुरपं, विळा, पेरणीची जुनी पाभर मांडली. मी फॅट काढायचं मशीन ठेवलं. आईने कोणाला न विचारता ट्रायपॉड आणून मध्ये उभा केला आणि त्याला कुंकू लावलं. हळद लावू का, असं मी विचारलं नाही.

संध्याकाळी सृष्टीने माझ्या हातात आपट्याचं पान दिलं, सोनं घ्या सोन्यासारखं राहा म्हणाली आणि पाया पडली.

मी पाय मागे घेतले.

ठरलं. उद्या. आता पंचांगात पुढे काही दिसत नाही. कोजागिरी आहे, पण तिचं कारण पुरणार नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बाजार सोडून नगरला गेलो. आयुष्यात बाजार चुकवला नव्हता. ट्रायपॉडची पिशवी खांद्याला. एसटीत जागा मिळाली नाही. उभ्याने ही पिशवी सांभाळणं किती अवघड आहे, हे पहिल्यांदा कळलं.

रेंज म्हणजे लांब खोली. पलीकडच्या भिंतीवर कागद. मुली रांगेत उभ्या. कोपर्‍यातल्या बाकावर सृष्टी, मांडीवर स्कोअरचा पॅड. मला बघून उभी राहिली.

अर्शी मॅडम वयाने लहान आहेत, सुकन्याच्या धाकट्या बहिणीएवढ्या. रेकॉर्ड केलेलं एक वाक्य आठवेना. म्हणालो, मॅडम, तेल मी लावलं होतं. पोरीचं नाव मी खोटं घेतलं.

मॅडम म्हणाल्या, माहीत आहे काका.

म्हणालो, आदिलने खरं ओळखलं का?

त्या म्हणाल्या, आदिलला काय कळतंय. स्पर्धेच्याच दिवशी मी स्टँड हातात घेतला होता. सांध्यात हळद होती. शूटिंगच्या मुली स्टँडला हळद लावत नाहीत.

मी खाली बघितलं. अजून होती. तिन्ही पायांच्या सांध्यांत पिवळी रेघ, लांबूनही दिसेल अशी. एवढे दिवस माझ्याच घरात उभी होती.

मग तिला बसवलं कशाला, असं मी विचारलं. थोडं रागानेच विचारलं, लाज वाटते लिहायला. मॅडम म्हणाल्या, तेलासाठी बसवली नाही. माझ्याशी खोटं बोलली म्हणून बसवली. मी तिला म्हणाले, ज्याने लावलं त्याने येऊन सांगू दे, त्याच दिवशी रायफल हातात देते. ती म्हणाली, पप्पा येतील मॅडम. दोन दिवसांत येतील.

मी विचारलं, आणि पुणं?

म्हणाल्या, नावं परवा गेली. परवा रेंज बंद होईपर्यंत थांबले होते मी. तिनेही रोजची एसटी सोडली होती.

परवा. परवा मी घरी होतो. नवमीचं पुरण वाटत होतो, सुकन्याला मदत म्हणून. सृष्टी संध्याकाळी उशिरा आली तेव्हा मी विचारलंही होतं, आज उशीर? ती म्हणाली होती, एसटी चुकली पप्पा.

मी मॅडमना सांगायला लागलो, गणपती होते, मग पितृपक्ष लागला. पितृपक्षाशी थांबलो. पुढचं मलाच ऐकवेना.

मॅडमनी कपाट उघडून रायफल सृष्टीच्या हातात दिली. तिने कोट चढवला, माझ्या खांद्यावरची पिशवी घेतली, स्टँड उभा केला. लॉक पूर्ण ताकद लावून पिळलं. हाताने दाबून बघितलं. एक पाय सरकला.

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, पप्पा, हा पाय धरता का?

खाली बसलो आणि दोन्ही हातांनी धरला. एवढे दिवस मी लोकांना सांगत आलो की पोरीला नेम धरताना नेहमी बघतो. आज बघायला आलो तर फरशीवरून तिचे बूट दिसत होते आणि कोटाची कड. समोरचा कागद दिसत नव्हता. वर टक् आवाज झाला की कळायचं, सुटला. मग रायफल हळूच खोबणीत यायची, आणि तिचं वजन पायातून उतरून माझ्या हातात यायचं. साडेचार किलो म्हणजे एवढं असतं. तिचे हात खाली सुटलेले माझ्या तोंडासमोर दिसायचे. बोटं उघडायची, मिटायची.

म्हणाली, हलू नका.

हललो नाही. मांडीला मुंग्या आल्या, मनगट भरून आलं. मार्च ते ऑगस्ट ती हे सगळं मांडीवर पेलत होती.

मध्येच तिने विचारलं, पप्पा, दमलात का? म्हणालो, नाही.

खोटंच बोललो. तिला ते कळलं असावं, कारण त्यानंतर ती रायफल खोबणीतून लवकर उचलायला लागली.